जपानीत ‘जोशी’ म्हणजे मुलगी

अ‍ॅनिमे बघत असाल, तर ‘जोशी कोसेई’ हे शब्द तुमच्या कानावरून नक्की गेले असतील. अर्थ अगदी साधा, हायस्कूलमध्ये शिकणारी मुलगी. जपानीत ‘जोशी’ म्हणजे मुलगी किंवा स्त्री. ‘जोशी दाईगाकु’ म्हणजे महिला विद्यापीठ. आपल्याकडे मात्र जोशी म्हटलं की आडनाव, आणि डोंबिवलीत तर कुठल्याही सोसायटीच्या खालच्या पाटीवर एक तरी जोशी सापडणारच! दोन्ही शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही, हा निव्वळ योगायोग. पण एका फोटोत हा योगायोग फार छान जुळून आलाय.

तो फोटो तुम्ही पाहिलाय. दर ३१ मार्चला आणि दर महिला दिनाला तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. तीन तरुणी शेजारी-शेजारी बसल्यात, आपापल्या देशाच्या पोशाखात. डावीकडे साडीतली आपली आनंदीबाई जोशी. उजवीकडे दमास्कसहून आलेली सबात इस्लामबूली. आणि मधे किमोनो नेसलेली एक जपानी तरुणी. तारीख १० ऑक्टोबर १८८५, गाव अमेरिकेतलं फिलाडेल्फिया, कॉलेज ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’. कॉलेजच्या डीनबाईंनी त्या दिवशी स्वागत समारंभ ठेवला होता.

आपण फोटो बघतो, आनंदीला ओळखतो, अभिमान वाटतो आणि पुढचा मेसेज उघडतो. मधली कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. तिचं नाव केई ओकामी. आज आनंदीची गोष्ट सांगायची आहे, पण केईला बाजूला ठेवून नाही. कारण आनंदीचं आयुष्य जिथे थांबलं, तिथून पुढे काय झालं असतं याचा थोडाफार अंदाज केईच्या आयुष्यातून येतो.

रेल्वेचं गाव

आनंदीचं माहेरचं नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. जोशी घराणं कल्याणचं, एकेकाळचं जमीनदारीचं, पण तोवर बरंच उतरणीला लागलेलं. वडील गणपतराव, आई गंगाबाई. घर जुन्या वळणाचं, मुलींनी शिकायचं नाही हे तिथे कुणी वेगळं सांगायचीही गरज नव्हती.

पण गाव मात्र तेवढं जुनं राहिलं नव्हतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी धावली, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले. म्हणजे यमुना जन्मली तेव्हा कल्याणला आगगाडी येऊन अकरा वर्षं झाली होती. आता गंमत बघा. ज्या जपानच्या बुलेट ट्रेनचं आपण इतकं कौतुक करतो, त्या जपानची पहिली रेल्वे सुरू झाली १८७२ मध्ये, टोकियोतल्या शिंबाशीपासून योकोहामापर्यंत. आगगाडीच्या बाबतीत कल्याण टोकियोच्या पुढे होतं, तेही तब्बल अठरा वर्षांनी.

मुलींच्या शाळेच्या बाबतीत मात्र चित्र झपाट्यानं उलटलं. १८६८ मध्ये जपानमध्ये शोगुनांची सत्ता गेली आणि मेजी सम्राटाच्या नावानं नवं सरकार आलं. १८७२ मध्ये त्या सरकारनं शिक्षणाचा कायदा केला आणि त्यात मुलींनाही धरलं. त्याआधीच, १८७१ मध्ये, एका शिष्टमंडळाबरोबर पाच मुलींना शिकायला थेट अमेरिकेला पाठवलं होतं. त्यातली सगळ्यात धाकटी त्सुदा उमेको, वय वर्षं सहा. ती आपल्या आनंदीपेक्षा बरोब्बर तीन महिन्यांनी मोठी. जपानच्या पाच हजार येनच्या नव्या नोटेवर २०२४ पासून जिचा चेहरा आहे, तीच ही उमेको.

केईचा जन्म १८५९ चा, जपानच्या उत्तरेकडच्या आओमोरी भागातला. माहेरचं आडनाव निशिदा. अमेरिकन मिशनरी बायकांनी योकोहामात चालवलेल्या मुलींच्या शाळेत ती शिकली, १८७८ मध्ये तिथून बाहेर पडली आणि मुलींना इंग्रजी शिकवू लागली. पंचविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि निशिदाची ओकामी झाली. (जपानी कायद्यानुसार आजही लग्नानंतर नवरा-बायकोला एकच आडनाव घ्यावं लागतं. बहुतेक वेळा बदलतं ते बायकोचंच.)

आणि आपली यमुना? १८७४ मध्ये, नवव्या वर्षी, तिचं लग्न लागलं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात नोकरीला, बिजवर, वयानं जवळपास वीस वर्षांनी मोठा. यमुनाची आनंदी झाली. आडनाव तेवढं तेच राहिलं, कारण सासरही जोशीच!

दहा दिवसांचं बाळ

गोपाळराव हा त्या काळातला विक्षिप्त माणूस. बायकोनं शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. इतर नवरे बायको पुस्तक हातात घेते म्हणून चिडायचे, हे बायको पुस्तक खाली ठेवते म्हणून. अभ्यासात कुचराई झाली की त्यांनी आनंदीला मारलंही आहे, आणि हे तिनं स्वतः नंतर पत्रात लिहून ठेवलंय. त्यामुळे सिनेमातल्यासारखी ही सरळ, गोड प्रेमकथा समजू नका. ज्या माणसानं तिला दार उघडून दिलं, त्याचाच धाक तिला होता. आणि तरीही शिकणं हळूहळू तिचं स्वतःचं झालं. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर ती अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असं फिरली. शाळेत जाताना रस्त्यात टोमणे ऐकले. पण अक्षरं सोडली नाहीत.

चौदाव्या वर्षी ती आई झाली. मुलगा झाला आणि दहाच दिवसांत गेला. वेळेवर नीट उपचार मिळाले असते तर वाचला असता, ही बोच तिच्या मनातून गेली नाही. त्या काळी बाळंतपण सुईणीच्या हाती. पुरुष डॉक्टरला घरातल्या बाईची नाडी दाखवायचीही चोरी. बायका दुखणी अंगावर काढत, त्यातच मरत. डॉक्टर व्हायचं हे आनंदीच्या मनानं तिथे घेतलं. तोवर अभ्यास नवऱ्याच्या हट्टापायी चालला होता, आता त्याला तिचं स्वतःचं कारण मिळालं.

त्याच काळात तिकडे जपानमध्ये ओगिनो गिन्को नावाची एक बाई जवळजवळ याच वाटेनं त्याच निर्णयाला पोचली होती. नवऱ्यापासून तिला गुप्तरोग झाला. उपचारांसाठी दवाखान्यात गेली, तर सगळे डॉक्टर पुरुष. त्या तपासण्यांची लाज आणि संताप तिच्या इतका जिव्हारी लागला की तिनं स्वतःच डॉक्टर व्हायचं ठरवलं. कॉलेजं दार उघडेनात, परीक्षेला बसू देईनात. शेवटी १८८५ मध्ये ती सरकारी परवाना मिळवणारी जपानची पहिली स्त्री डॉक्टर झाली. म्हणजे आपला तो फोटो निघाला त्याच वर्षी. दोन देश, दोन बायका, एकमेकींची ओळख नाही, आणि दुखणं एकच.

पत्र, बांगड्या आणि दोन महिन्यांचं जहाज

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला शिकायला अमेरिकेला पाठवायचं आहे, मदत होईल का? मदत बाजूलाच राहिली, ख्रिस्ती व्हा असा सल्ला मिळाला. पण ते पत्र मिशनच्या मासिकात छापून आलं. आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंच्या हाती तो अंक लागला, कुठे, तर दंतवैद्याकडे नंबर यायची वाट बघताना! त्यांनी आनंदीला पत्र लिहिलं. मग पत्रांवर पत्रं गेली. कधी न भेटलेल्या या बाईंना आनंदी मावशी म्हणू लागली.

अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हा गोपाळराव बंगालमध्ये श्रीरामपूरला होते. गोपाळरावांना रजा आणि पैसा दोन्ही जमेना, म्हणून आनंदीनं एकटीनं जायचं ठरलं. अठरा वर्षांची बाई, एकटी, समुद्रापार! गावभर चर्चा. २४ फेब्रुवारी १८८३ ला तिनं श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात उभं राहून इंग्रजीतून भाषण केलं. देशाला स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, आपण अमेरिकेलाच का जातोय, धर्म न बदलता जाऊन तसंच परत येणार हे कसं, असा एकेक आक्षेप घेऊन त्याला उत्तर दिलं. आपण कॉलेजच्या सेमिनारमध्ये मराठीतून चार वाक्यं बोलताना अडखळतो. ही मुलगी शाळेत धड सलग शिकलेलीही नव्हती.

वडिलांनी दिलेल्या सोन्याच्या बांगड्या विकून प्रवासाचे पैसे उभे राहिले. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून जहाज निघालं, ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली. जवळपास दोन महिने पाण्यावर, त्यात शाकाहारी. जहाजावर तिच्या खाण्याची काय पंचाईत झाली असेल, याची कल्पना करा. बंदरावर कार्पेंटर मावशी घ्यायला आल्या होत्या.

ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजात तिचा अभ्यास सुरू झाला. बायकांना डॉक्टर करण्यासाठी १८५० मध्ये निघालेलं हे कॉलेज. डीन रेचल बॉडली तिच्या पाठीशी होत्या. पण फिलाडेल्फियाचा हिवाळा म्हणजे काय, हे कल्याण-अलिबागच्या हवेत वाढलेल्या अंगाला ठाऊक नव्हतं. खोली पुरेशी उबदार नाही, जेवण स्वतःचं स्वतः करायचं, तेही मिळेल त्या भाज्यांचं. आजारपणं सुरू झाली. अभ्यास थांबला नाही.

नऊवार आणि किमोनो

दोन वर्षांनी, १८८५ मध्ये, त्याच कॉलेजात केई दाखल झाली. आनंदी तेव्हा वीस वर्षांची, शेवटच्या वर्षाला. केई सव्वीसची, पहिल्या वर्षाला. फिलाडेल्फियातल्या मॉरिस नावाच्या बाईंच्या आणि प्रेस्बिटेरियन मिशनच्या मदतीनं केईला प्रवेश मिळाला होता. इथे पुन्हा साम्य आहे. सरकारनं दोघींपैकी एकीलाही पाठवलेलं नव्हतं. दोघींच्या मागे उभ्या राहिल्या त्या अमेरिकेतल्या बायकाच.

आता परत त्या फोटोकडे या, आणि कपड्यांकडे जरा नीट बघा. साडी म्हणजे न शिवलेलं सलग कापड. नऊवार धरली तर सव्वाआठ मीटर. किमोनोही मुळात एकाच लांब, अरुंद ताग्यातून होतो. बारा मीटरच्या आसपास लांबी, फूट-सव्वा फूट पन्हा. कात्री चालते ती सरळ रेषेतच, गोलाई कुठे नाही. त्यामुळे किमोनो उसवला की सगळे तुकडे जोडून परत जवळजवळ अख्खा तागा तयार! आईची साडी लेकीला येते, तसा आजीचा किमोनो नातीला येतो. दोन्हींत कपडा अंगाच्या मापाचा नसतो, नेसायची हातोटी ज्याची त्याची. किमोनो नेसताना डावी बाजू नेहमी उजवीच्या वर येते. उलट फक्त मृतांना नेसवतात. कंबरेला रुंद ‘ओबी’ गुंडाळायचा, म्हणजे झालं.

केईनं त्या दिवशी किमोनो घालणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. १८८३ मध्ये टोकियोत रोकुमेइकान नावाचा मोठा हॉल बांधला गेला होता. तिथे जपानी सरदारांच्या बायका पाश्चात्त्य गाऊन घालून परदेशी पाहुण्यांसमोर बॉलडान्स करत, आपण मागासलेले नाही हे दाखवायला. पुढे जानेवारी १८८७ मध्ये खुद्द सम्राज्ञीनं बायकांनी पाश्चात्त्य पोशाख करावा असं सुचवणारं पत्रक काढलं. म्हणजे जपान किमोनो सोडायच्या घाईत होता, आणि तेव्हाच अमेरिकेत जपानी पंखे, जपानी पोशाख यांची फॅशन जोरात होती. केई या दोन्हींच्या मधे बसलीय. आनंदीचंही तेच. देशात लोक तिच्यावर बाटल्याचा संशय घेत होते आणि अमेरिकेत तिची साडी कौतुकानं बघितली जात होती. आपलं शिकणं आणि आपलं दिसणं, दोन्हींवर सगळ्या जगाची मतं. आज इन्स्टाग्रामवर हे तुमच्याही वाट्याला येतं, म्हणून सांगितलं.

भाषेचंही एक मजेशीर नातं आहे. या दोघी अमेरिकेत इंग्रजीतून शिकत होत्या, पण दोघींच्या मातृभाषांची ठेवण इंग्रजीपेक्षा एकमेकींच्या जवळची. क्रियापद शेवटी, आणि विभक्तीचा तुकडा शब्दाच्या मागे. ‘कल्याण कारा ठाणे मादे’ म्हणजे कल्याणपासून ठाण्यापर्यंत. ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत, आणि जागाही अगदी तीच! ‘वाताशि वा कल्याण नि इकिमासु’ म्हणजे मी कल्याणला जाते. शब्द त्याच क्रमानं ठेवले की झालं. तुमच्यापैकी जे जेएलपीटीची एन-फाइव्ह देतायत, त्यांनी जपानी वाक्य इंग्रजीतून जुळवत बसू नये. मराठीतून जुळवावं, निम्मी डोकेदुखी कमी होते.

पदवी मिळाली, पुढे?

११ मार्च १८८६ ला आनंदी एम.डी. झाली. प्रबंधाचा विषय होता, प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांच्या त्या बाळाला ती विसरली नव्हती, एवढाच याचा अर्थ घ्या. समारंभाला गोपाळराव होते, आणि तिच्या नात्यातल्या पंडिता रमाबाईही आल्या होत्या. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली याही डॉक्टर झाल्या. मुंबईत बायका आणि मुलांसाठीचं कामा हॉस्पिटल उघडलं. जणू काही सगळं आनंदीचीच वाट बघत होतं.

कोल्हापूरच्या दरबारानं तिला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री विभागाचं प्रमुखपद देऊ केलं. तिनं ते स्वीकारलं. पण बोस्टनच्या रुग्णालयात अनुभव घेत असतानाच तब्येत ढासळली. क्षयानं घेरलं होतं. नोव्हेंबर १८८६ मध्ये ती मुंबईला उतरली. ज्या समाजानं जाताना नावं ठेवली होती, तोच आता स्वागताला उभा होता. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात मात्र ती कधीच रुजू झाली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात तिचं निधन झालं. बावीस पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता.

तिच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे, त्यांच्या घरच्या दफनभूमीत, आनंदीचा स्मृतिदगड आहे. शुक्रावरच्या एका विवराला तिचं नाव आहे. काशीबाई कानिटकरांनी तिचं चरित्र लिहिलं, श्री. ज. जोशींनी ‘आनंदी गोपाळ’ कादंबरी लिहिली, २०१९ मध्ये त्याच नावाचा सिनेमा आला. कल्याणची पोर ग्रहावर जाऊन पोचली. एक रुग्ण मात्र तिच्या हातून स्वतःच्या देशात बरा व्हायचा राहिला.

केई सेन्सेई

मग ती जगली असती तर? याचं नेमकं उत्तर कुणाकडेच नाही. पण मधल्या खुर्चीवर बसलेली जगली, चांगली ब्याऐंशीच्या घरात पोचेपर्यंत. तिचं काय झालं ते बघू.

केई १८८९ मध्ये पदवीधर झाली. पाश्चात्त्य विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेणारी ती पहिली जपानी स्त्री. टोकियोला परतल्यावर ताकागी कानेहिरो या डॉक्टरांनी तिला आपल्या जिकेई रुग्णालयात बोलावून घेतलं. हे ताकागी म्हणजे मोठं नाव. जपानी आरमारात बेरीबेरीनं खलाशी पटापट मरत होते. १८८३ मध्ये एका लांबच्या सफरीवरून परतलेल्या युद्धनौकेवर ३७६ पैकी १६९ जण आजारी पडले होते, २५ दगावले होते. ताकागींनी ओळखलं की दोष जेवणात आहे. जपानीत ‘गोहान’ म्हणजे भात आणि ‘गोहान’ म्हणजेच जेवण. सकाळ, दुपार, रात्र पांढराशुभ्र सडलेला तांदूळ. पुढच्याच वर्षी त्याच मार्गावर दुसरं जहाज वेगळा आहार देऊन पाठवलं, आणि बेरीबेरी जवळजवळ नाहीशी झाली. मग आरमाराच्या भातात सातू मिसळले जाऊ लागले. ब-१ जीवनसत्त्वाचा शोध लागायला तेव्हा अजून पुष्कळ वर्षं होती. त्याच आरमारात ‘करे राइसु’ म्हणजे करी-राइस रुळला. ती करी आली इंग्रजांच्या आरमारातून, आणि इंग्रजांकडे गेली आपल्याकडून!

अशा माणसाच्या हाताखाली केई डॉक्टर म्हणून उभी राहिली. जपानीत शिक्षकालाही ‘सेन्सेई’ म्हणतात आणि डॉक्टरलाही. केई आधी एका अर्थानं सेन्सेई होती, आता दोन्ही अर्थांनी झाली. सगळं छान चाललंय असं वाटतं ना? पण तिच्या चरित्रात नोंद आहे की, मेजी सम्राटानं केवळ ती बाई आहे म्हणून तिची सेवा नाकारली. ज्याच्या नावानं देश आधुनिक होत होता, त्याच सम्राटानं. केईनं राजीनामा दिला.

तिनं टोकियोच्या आकासाका भागात घरीच दवाखाना सुरू केला. सासरच्या मंडळींनी काढलेल्या मुलींच्या शाळेत उपमुख्याध्यापिका म्हणून काम केलं. १८९७ मध्ये आजारी बायकांसाठी छोटं रुग्णालय उघडलं, नर्सिंगची शाळा चालवली. रुग्णालय नऊ वर्षं चाललं आणि बंद पडलं. रुग्णच फारसे आले नाहीत. जे यायचे त्यात बहुतेक परदेशी मिशनरी बायका. पुढे स्तनाच्या कर्करोगामुळे तिनं काम थांबवलं. २ सप्टेंबर १९४१ ला ती गेली. तिच्या नावाचं विवर नाही, सिनेमा नाही. इथे आपण तिला ओळखतो तेही ‘आनंदीबाईंच्या शेजारची जपानी बाई’ म्हणून.

आता दोघींची आयुष्यं शेजारी-शेजारी ठेवा. आनंदीला नोकरी मिळाली, पण शरीरानं साथ दिली नाही. केईला शरीरानं साथ दिली, पण लोकांनी बाई डॉक्टर म्हणून तिच्याकडे यायला वेळ लावला. पदवीच्या कागदानं दोघींना फोटोत आणलं. त्यापुढचं काम एकट्या-दुकट्या बाईच्या हातात कधीच नव्हतं. त्याला खोलीत ऊब लागते, पोटभर जेवण लागतं, तिच्या हाताखाली तपासून घ्यायला तयार असलेले रुग्ण लागतात, आणि तिच्यामागून येणाऱ्या आणखी दहा जणी लागतात. पहिलीचं कौतुक आपण जोरात करतो, दुसरी-तिसरीचं काय झालं हे विचारत नाही.

त्या आल्या, बरं का. मुंबईच्या रखमाबाई, ज्यांनी बालविवाहातला नवरा नाकारून कोर्टात लढा दिला, त्या १८९४ मध्ये लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी कित्येक दशकं काम केलं. जपानमध्ये योशिओका यायोई या डॉक्टर बाईंनी १९०० मध्ये टोकियोत मुलींसाठी वैद्यकीय शाळाच काढली. सगळं सुरळीत झालं असंही समजू नका. २०१८ मध्ये, गुगलनं आनंदीच्या वाढदिवसाला डूडल केलं त्याच वर्षी, टोकियोतल्या एका दुसऱ्या वैद्यकीय विद्यापीठात प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण वर्षानुवर्षं मुद्दाम कमी केले जात होते हे उघडकीला आलं. कारण काय, तर मुलं झाली की बायका काम सोडतात. तुमच्या ओळखीचं वाक्य आहे ना? ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत मुलीच्या पोस्ट ग्रॅज्युएशनचा विषय निघाला की अजूनही घराघरांत ते ऐकू येतं. फक्त जरा गोड आवाजात.

तेव्हा पुढच्या ३१ मार्चला तो फोटो आला की लगेच फॉरवर्ड करू नका. आधी घरात किंवा ग्रुपवर मधलीचं नाव विचारा. आणि जपानी शिकत असाल, तर योशिओकाबाईंच्या त्या शाळेचं आजचं नाव वहीत एकदा लिहून बघा. ‘तोक्यो जोशी इका दाईगाकु’, म्हणजे टोकियो महिला वैद्यकीय विद्यापीठ. ‘इका’ म्हणजे वैद्यकशास्त्र. त्याच्या आधीचा शब्द तुम्हाला आता माहीत आहे.